रँग्लरचा क्रमांक आणि गणिताचे ऋण

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी पेट्यातील मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. मुळा आणि नीला या नद्यांचे पाणी अडवून मुंबईला वीज पुरविण्याची टाटा कंपनीची योजना होती आणि तीत सुमारे पन्नास गावांची भातखाचरे बुडणार होती. पांडुरंग महादेव बापट या सत्याग्रहातूनच ‘सेनापती’ झाले. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी याच प्रकरणात कारावास भोगला. हा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु त्याच सुमारास मुंबई सरकारात दुसरे एक परांजपे शिक्षणमंत्री होते आणि ते व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट मुळशीच्या संदर्भात सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

या दोघांची, म्हणजे सेनापती बापट आणि रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची, तुलना करण्याचा मोह आवरत नाही. दोघेही लहान गावांतून पुण्यात आलेले, दोघेही विलक्षण बुद्धिमान आणि दोघेही शिष्यवृत्तीच्या बळावर विलायतेस गेलेले. पारनेरचे बापट डेक्कन कॉलेजातून मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकायला गेले. तेथे त्यांनी राजकीय भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. दापोली तालुक्यातील मुर्डीचे परांजपे हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती घेऊन १८९६ साली केंब्रिजला गेले आणि तीन वर्षांनी तेथील सर्वांत अवघड परीक्षेत पहिले आले. गरीब समाजाने किंवा सरकारने एखाद्या मुलाच्या बुद्धीवर खर्च केला, तर त्या मुलाने ते ऋण कसे फेडावे? बापटांनी दिलेले उत्तर रोमहर्षक आहे आणि त्याचे पोवाडे झाले. परांजप्यांचे उत्तर संथ, दीर्घ आणि पुष्कळसे नीरस आहे. त्यात एक प्रश्न तर अद्यापि सुटलेला नाही, आणि तो गणिताचा आहे.

रघुनाथरावांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे आतेभाऊ. कर्वे मुंबईत शिकवण्या करून स्वतःचे शिक्षण पुरे करीत होते. त्यांनी या मामेभावाची चमक ओळखली, त्याला मुंबईस नेले आणि शिकविले. १८९१ साली मॅट्रिकच्या परीक्षेत रघुनाथ विद्यापीठात पहिला आला. त्याच वर्षी कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि रघुनाथही त्याच महाविद्यालयात दाखल झाला.

फर्ग्युसनमधील गणिताच्या खुर्चीचा इतिहास खरोखर आगळा आहे. १८८५ साली महाविद्यालय स्थापन झाले तेव्हा तेथे गणित शिकविणाऱ्यांत बाळ गंगाधर टिळक होते. १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, आणि त्यांची जागा भरून काढण्यासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रयत्नाने कर्वे आले. गोखले स्वतः गणित शिकवीत, आणि त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक पुढे कित्येक वर्षे शाळांतून चालले. लोकमान्य, नामदार आणि महर्षी हे तिघेही एकाच महाविद्यालयात, एकाच विषयाचे तास घेऊन गेले आणि तिघांचीही कीर्ती त्या विषयासाठी नाही. फळ्यावर समीकरण सोडविणारी ही माणसे एकामागून एक तो फळा पुसून बाहेर पडली. देशापुढची समीकरणे त्यांना अधिक निकडीची वाटली. या मालिकेतील चौथे नाव परांजप्यांचे. या चौघांत गणित ज्याच्या हाताला सर्वांत अधिक लागले होते, असा पुरुष हाच.

केंब्रिजचे ‘रँग्लर’ म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागेल. मूळ शब्दाचा अर्थ वाद घालणारा, वादपटू असा आहे. पूर्वी तेथील परीक्षा तोंडी वादविवादाने होत, त्या काळचा तो अवशेष. गणिताच्या ‘ट्रायपॉस’ नामक परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते सारे रँग्लर. त्यांतला पहिला तो ‘सीनिअर रँग्लर’. परीक्षा अनेक दिवस चाले. प्रश्न असे काढलेले असत, की ते सोडविण्यास ज्ञानाइतकाच वेगही लागावा. निकाल सिनेट हाउसमध्ये गुणानुक्रमे मोठ्याने वाचून दाखवीत, आणि वृत्तपत्रे पहिल्या क्रमांकाचे नाव शर्यतीतील घोड्याप्रमाणे झळकवीत. या परीक्षेसाठी विद्यापीठाच्या व्याख्यानांवर कोणी विसंबून राहत नसे. खासगी शिकवण्या घेणारे नामांकित ‘कोच’ होते. त्यांच्याकडे पैसे भरून विद्यार्थी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका घोटीत. शिकवणीवर्ग हे आपल्याकडचे आधुनिक पाप आहे असे मानणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातील केंब्रिजकडे एकदा अवश्य पाहावे.

१८९९ च्या यादीत पहिल्या स्थानावर दोन नावे बरोबरीने होती. एक पेंब्रोक कॉलेजच्या जॉर्ज बर्टविसलचे आणि दुसरे सेंट जॉन्स कॉलेजच्या परांजप्यांचे. सीनिअर रँग्लर होणारा हा पहिला हिंदी विद्यार्थी. या बातमीने पुण्यात काय झाले असेल, याची कल्पना करण्यास तेव्हाचे दिवस आठवले पाहिजेत. प्लेग येऊन गेला होता आणि पुन्हा येत होता. दोनच वर्षांपूर्वी रँडचा खून झाला होता. टिळक राजद्रोहाची शिक्षा भोगून आले होते. हिंदी माणसाची बुद्धी ही पाठांतराची, स्वतंत्र विचाराची नव्हे, असे गोरे अधिकारी राजरोस म्हणत. त्या परिस्थितीत राज्यकर्त्यांच्या घरात जाऊन, त्यांच्या आखाड्यात, त्यांच्याच नियमांनी कोकणातल्या एका मुलाने कुस्ती मारली. मराठी भाषेत ‘रँग्लर’ ही पदवी नावाला कायमची चिकटली ती येथून. डॉक्टर, वकील, सुभेदार असावे तसे ‘रँग्लर परांजपे’. पुढे महाजनी आले, नारळीकर पितापुत्र आले, आणि प्रत्येकाच्या वेळी तो शब्द नव्याने उजळला.

परंतु या पहिल्या क्रमांकाची खरी किंमत काय होती? केल्व्हिन आणि मॅक्सवेल हे दोघेही ‘सेकंड रँग्लर’, म्हणजे दुसरे. जे. जे. थॉमसन हेही दुसरेच. परांजप्यांच्या आदल्या वर्षी, १८९८ मध्ये, हार्डी नावाचा विद्यार्थी चौथा आला. विसाव्या शतकातील इंग्लंडच्या शुद्ध गणिताचा तो अध्वर्यू ठरला. या परीक्षेने इंग्लंडचे गणित शंभर वर्षे मागे ठेवले, असे त्याचे मत होते. युरोपात नवे गणित जन्मत असताना इंग्रज विद्यार्थी जुन्या कोड्यांवर घाम गाळीत बसला, ही त्याची तक्रार होती. त्याच्यासारख्यांच्या खटपटीमुळे अखेरीस गुणानुक्रमाची यादीच बंद झाली. शेवटची यादी १९०९ सालची. म्हणजे ज्या किताबाचा महाराष्ट्राने देव्हारा मांडला, तो परांजपे मिळवून आल्यावर दहा वर्षांत त्याच्या जन्मगावी मोडीत निघाला. आपल्याकडे मात्र देव्हारा तसाच राहिला. प्रवेशपरीक्षेच्या अखिल भारतीय क्रमांकांचे फलक आज चौकाचौकांतून लागतात. ज्या मुळशी तालुक्यात सत्याग्रह झाला, त्याच तालुक्यातील हिंजवडीच्या संगणक-उद्योगात मुलाला नोकरी लागावी म्हणून आईबाप त्याला आठवीपासूनच शिकवणीत घालतात. ही क्रमांकाची भक्ती नवी नाही.

हे परांजप्यांना उमगले नसेल असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. सीनिअर रँग्लर झाल्यानंतर ते पॅरिसला आणि गॉटिंगेनला जाऊन राहिले. गॉटिंगेन म्हणजे क्लाइन आणि हिल्बर्ट यांचे गॉटिंगेन. हिल्बर्टने १९०० साली पॅरिसच्या परिषदेत न सुटलेल्या प्रश्नांची यादी जगापुढे ठेवली आणि नव्या शतकाच्या गणिताला दिशा दिली. अशा वेळी हा तरुण त्या पंढरीच्या दारात उभा होता. १९०१ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजने त्यांना फेलो निवडले. मनात आणते तर ते केंब्रिजलाच राहू शकले असते. त्यांच्याबरोबरचा बर्टविसल राहिला. पेंब्रोकमध्ये तो फेलो झाला आणि पुंजयामिकी जन्माला आली तेव्हा तिच्यावर इंग्रजीत अगदी प्रारंभीची जी पाठ्यपुस्तके झाली, त्यांतली दोन त्याची आहेत.

परांजपे परतले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून वीस वर्षे सेवा करण्याचे वचन त्यांनी दिले होते. महिना पाऊणशे रुपयांच्या आसपासचे ते वेतन होते. सरकारी शिक्षणखात्यातील इंग्रज प्राध्यापकाच्या पगाराशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. १९०२ च्या आरंभी ते फर्ग्युसनमध्ये रुजू झाले, तेही थेट प्राचार्य म्हणून. तेव्हा त्यांचे वय सव्वीस वर्षांचेही नव्हते. त्याच वर्षी गोखले महाविद्यालयातून निवृत्त होऊन सर्वस्वी राजकारणात गेले. पुढची सुमारे दोन दशके परांजपे या संस्थेचे प्राचार्य होते.

येथून त्यांचे गणित संपले, असे म्हटले जाते, आणि संशोधनाच्या अर्थाने ते खोटे नाही. त्यांच्या नावावर एखादा प्रमेय नाही, एखादी पद्धत नाही. दोष कोणाचा, याचा निवाडा करताना त्या काळचे मुंबई विद्यापीठ डोळ्यांपुढे आणले पाहिजे. ते प्रामुख्याने परीक्षा घेणारे आणि महाविद्यालयांना संलग्नता देणारे कार्यालय होते. गणितात संशोधन करावयाचे तर मार्गदर्शक नाही, सहकारी नाही, नियतकालिके नाहीत. कलकत्त्याला आशुतोष मुखर्जी हेही गणितीच होते आणि तेही न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसले. पण कुलगुरू होताच त्यांनी विद्यापीठात पदव्युत्तर विभाग उघडले, देणग्या मिळवून अध्यासने निर्माण केली आणि गणेशप्रसादांसारख्या गणितज्ञाला तेथे बसविले. पुण्याजवळ विद्यापीठ नव्हते आणि मुंबईच्या विद्यापीठाला तशी दृष्टी नव्हती. एकटा प्राचार्य वसतिगृहाच्या हिशेबापासून सरकारी अनुदानापर्यंत सारे पाहत होता. त्यातून वेळ काढून त्याने हिल्बर्टच्या प्रश्नांना हात घालावा, ही अपेक्षा त्या काळी तरी कोणी केली नाही. ती करावी असे कोणास वाटले नाही, हेच अधिक खेदाचे आहे.

तरीही गणिताशी त्यांचे नाते तुटले नाही. १९०७ साली मद्रास इलाख्यातील व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टराने देशभरातील गणितप्रेमींना पत्रे पाठवून एक मंडळ काढले. महागडी परदेशी नियतकालिके व ग्रंथ एकेकट्याला परवडत नाहीत, तेव्हा वर्गणी जमवून ते मागवावेत आणि सभासदांनी टपालाने एकमेकांकडे फिरवावेत, ही साधी कल्पना. वीस सभासदांनिशी सुरू झालेली ही संस्था म्हणजेच आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. तिचे ग्रंथालय ठेवले गेले फर्ग्युसन महाविद्यालयात, आणि ग्रंथपालाचे काम पत्करले ते रँग्लर परांजप्यांनी. केंब्रिजचा सीनिअर रँग्लर पुस्तकांच्या नोंदी आणि टपालाचे गठ्ठे सांभाळतो आहे, हे चित्र त्यांच्या साऱ्या मानसन्मानांपेक्षा मोलाचे आहे. याच संस्थेच्या मासिकात १९११ साली श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला.

रामानुजन यांचे नाव निघाले की परांजप्यांचे चरित्र एका विचित्र प्रकाशात उभे राहते. एकजण साम्राज्यातील सर्वांत कठीण परीक्षेत पहिला. दुसरा मद्रासच्या इंटरमीजिएटच्या दर्जाच्या परीक्षेत वारंवार नापास. परीक्षेने पहिल्याला सारे दरवाजे उघडून दिले आणि दुसऱ्याला प्रत्येक दारातून परत पाठविले. हार्डीने १९१४ साली त्याला केंब्रिजला नेले नसते तर तो मद्रास बंदर-कचेरीतला कारकूनच राहिला असता. गणिताच्या इतिहासात अमर झाला तो नापास विद्यार्थी. यावरून परीक्षा निरर्थक, असा सोपा निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. रामानुजनसारखा माणूस शतकात एखादा होतो, आणि तोही तुटपुंज्या ग्रंथसामग्रीवर वाढला. त्याच्यासारखे आणखी किती जण पुस्तकाअभावी गेले, याची मोजदाद नाही. टपालाने फिरणारे ते ग्रंथालय अशा मोजदादीत न येणाऱ्यांसाठी होते.

प्राचार्य म्हणून परांजपे शिस्तीचे कडक आणि मताने नेमस्त होते. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेणारा विनायक दामोदर सावरकर हा फर्ग्युसनचा विद्यार्थी होता. परांजप्यांनी त्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. ‘केसरी’ने त्यांच्यावर कोरडे ओढले. पुढच्या पिढ्यांना रँग्लर परांजपे हे नाव या एका प्रसंगापुरतेच ठाऊक राहिले, इतका तो डाग टिकला. अनुदान गेले तर संस्था बुडेल, ही प्राचार्याची चिंता समजण्यासारखी आहे. पण शिक्षेतील कठोरपणा त्या चिंतेने पुरता झाकला जात नाही. विद्यार्थ्याच्या अंतःकरणात काय पेटले आहे, हे बुद्धिवादी माणसाला पुष्कळदा उशिरा कळते. परांजपे पक्के बुद्धिवादी होते. धर्म, कर्मकांड, फलज्योतिष यांपैकी कशालाही त्यांनी सूट दिली नाही आणि भावनेलाही दिली नाही.

समाजसुधारणेच्या बाबतीत मात्र हीच बुद्धिनिष्ठा त्यांना काळाच्या पुढे घेऊन गेली. १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. त्याचे कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि कुलगुरू परांजपे. केंब्रिजमध्ये ते शिकत असताना तेथे मुली परीक्षेला बसत, पण पदवी त्यांना मिळत नसे. १८९० साली फिलिपा फॉसेट या मुलीने सीनिअर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळविले. तरी किताब दुसऱ्याच्या नावावर गेला. ज्या विद्यापीठाने परांजप्यांना डोक्यावर घेतले, त्याने जे नाकारले ते पुण्याजवळच्या हिंगण्यात मातीच्या भिंतींत देण्याचा प्रयत्न झाला. त्यांची कन्या शकुंतला पुढे केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात गणितच शिकली, आणि तीही गणितात राहिली नाही. कर्व्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली, आणि १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले. शकुंतलाबाईंनी तेच काम पुढे हयातभर चालविले. एकाच गोतावळ्यातील इतकी माणसे गणिताच्या वाटेने येऊन समाजसुधारणेच्या फाट्याला वळावीत, हा योगायोग नव्हे. गृहीत काय आणि सिद्ध काय हे वेगळे करण्याची सवय एकदा लागली, की सोवळे, केशवपन, अस्पृश्यता यांची सिद्धता मागितल्यावाचून राहवत नाही.

१९२१ ते १९२३ या काळात परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण हे ‘सोपीव’ खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे, तर जमीन-महसूल आणि अर्थखाते ‘राखीव’, म्हणजे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. मुळशीत जमिनी घेतल्या जात होत्या, मावळ्यांना अटक होत होती. शिक्षणमंत्र्याचा त्याच्याशी खात्याच्या नात्याने संबंध नव्हता. पण सरकार एकच होते, आणि पेट्यातल्या शेतकऱ्याला राखीव कोणते आणि सोपीव कोणते हा भेद कळण्याचे कारण नव्हते. त्या पेट्यातील मुलासाठी शाळा काढू इच्छिणारा मंत्री आणि त्याच मुलाचे गाव पाण्याखाली घालणारी अधिसूचना ही एकाच सचिवालयातली. नेमस्तांच्या राजकारणाची मर्यादा याहून स्पष्टपणे क्वचित दिसली असेल.

त्या मर्यादेत जे झाले ते मात्र नाकारता येणार नाही. १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा त्यांच्या कारकिर्दीतला. त्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या हाती दिल्या आणि सक्तीच्या शिक्षणाची तरतूद केली. गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक सरकारने हाणून पाडले होते; शिष्याने ते काम इलाख्यापुरते पुढे नेले. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांना अनुदान मिळणार नाही, हा सरकारी ठरावही १९२३ चाच. कायदा झाला, पण पैसा अर्थखात्याच्या मुठीत राहिला आणि सक्ती बहुतांशी कागदावरच उरली. ठराव झाला, पण खेड्यातल्या शाळेत मास्तराने कोणाला आत बसविले आणि कोणाला ओसरीवर, हे पाहायला कोणी गेले नाही. १९२४ साली या राज्यपद्धतीची चौकशी करणाऱ्या मुडीमन समितीत परांजपे होते. सप्रू, शिवस्वामी अय्यर आणि जिना यांच्यासह त्यांनी बहुमताशी असहमत होऊन वेगळा अहवाल लिहिला, की ही पद्धतच मुळात चालणारी नाही. मंत्रिपदाच्या अनुभवातून निघालेला हा निष्कर्ष होता, आणि तो त्यांनी लेखी मांडला, हे त्यांच्या प्रामाणिकपणास शोभणारेच.

त्यानंतरची पदे भराभर सांगून संपवावीत अशीच आहेत. १९२७ मध्ये पुन्हा थोडा काळ मंत्रिपद. मग लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे सभासदत्व. १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. १९४२ मध्ये ‘सर’ ही पदवी. १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर. आणि १९५६ ते १९५९ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. या शेवटच्या पदावर ते गेले तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. क्रिकेटच्या भाषेत ‘चौऱ्याऐंशी, नाबाद’ असे नाव देऊन त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले. मराठी वाचकांच्या या पुढाऱ्याला आपली कथा इंग्रजीत सांगावीशी वाटली, यावरही त्या पिढीबद्दल पुष्कळ बोलता येईल.

मग गणिताच्या ऋणाचे काय झाले? त्याची थोडीफार परतफेड झाली, पण ती परांजप्यांच्या हातून नव्हे, तर त्यांनी जपलेल्या जागेतून. फर्ग्युसनमध्ये रँग्लर महाजनी आले. त्यांनी केंब्रिजमध्ये लोहचुंबकत्वाच्या सिद्धांतावर मान्यता पावलेले संशोधन केले होते. १९३३ मध्ये दामोदर धर्मानंद कोसंबी आले आणि बारा वर्षे तेथे शिकवीत राहिले. प्राध्यापकांच्या कामाच्या ओझ्यातून वेळ काढून त्यांनी भूमितीत आणि संख्याशास्त्रात निबंध लिहिले. जनुकांमधील अंतर मोजण्याचे १९४४ सालचे त्यांचे सूत्र अनुवंशशास्त्रज्ञ आजही वापरतात. १९४५ साली ते फर्ग्युसन सोडून नव्याने निघालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. गणित हेच ज्याचे काम, अशा माणसाला पगार देणारी जागा महाराष्ट्रात त्या वर्षी निर्माण झाली. तिला आधार होता दोराबजी टाटा विश्वस्त निधीचा. ज्या घराण्याच्या कंपनीने मुळशीची खाचरे पाण्याखाली घातली, त्याच घराण्याच्या पैशातून गणिताला घर मिळाले. इतिहासाची खाती अशी सरळ जुळत नाहीत.

आणि एक विद्यार्थी. डहाणूला जन्मलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर याला फर्ग्युसनमध्ये असताना, १९२७ साली, स्वतंत्र गणिती कामाबद्दल एक पारितोषिक मिळाले. त्याचे नाव ‘रँग्लर परांजपे गणित पारितोषिक’. परीक्षेतील गुणांसाठी नव्हे तर नवीन काही शोधल्याबद्दल दिले जाणारे हे बक्षीस सीनिअर रँग्लरच्या नावाचे असावे, हे विशेष. कापरेकरांना पुढे विद्यापीठ मिळाले नाही, संशोधनशिष्यवृत्ती मिळाली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. वेळ मिळेल तेव्हा आकड्यांशी खेळत, स्वखर्चाने गणित परिषदांना जात. पुष्कळ प्राध्यापक त्यांना हसत. १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत त्यांनी आपला ६१७४ हा अंक सांगितला. सर्व अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ गेले, उरले ३०८७. ८७३० मधून ०३७८ गेले, उरले ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४. पुढे कितीही वेळा करा, तेच येते. आणि कोणत्याही संख्येपासून निघालात तरी फार तर सात पायऱ्यांत तेथेच पोहोचता. पाचवीच्या मुलाला करता येईल असे हे गणित मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने १९७५ साली आपल्या सदरात मांडले, तेव्हा कापरेकर हे नाव जगाला कळले.

फर्ग्युसनमधील ते टपाली ग्रंथालय १९५० साली मद्रासला हलविण्यात आले. १९६६ च्या ६ मे रोजी रँग्लर परांजपे वारले. २९ जूनला पुण्यातच कोसंबी गेले. कापरेकर तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. पेन्शन पुरत नाही म्हणून हा गणिती शाळकरी मुलांच्या गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागला.